‘विचार करून सांगते’ म्हणजे नेमकं काय? गिऱ्हाईक निर्णय कसा घेतं आणि आपण काय बोलायचं



व्हिडिओत वेळ कमी पडतो. उदाहरणं उरकावी लागतात आणि हिशोब फळ्यावर अर्धाच राहतो. म्हणून हा धडा इथे नीट, सावकाश लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी गृहपाठ आहे.

सुरुवात एका वाक्यापासून करू. धंदा कुठलाही असू दे, मसाल्यांचा, साड्यांचा, केकचा किंवा माझ्यासारखा शिलाई मशीनचा, हे वाक्य तुम्ही ऐकलेलं असणार: "बरं, विचार करून सांगते."

आपण काय समजतो? भाव जास्त वाटला. मग पाठीमागून ओरडतो, "अहो ताई, दोनशे कमी करतो!" ताई हसतात आणि पायरी उतरून जातात. दोनशे कमी करूनही त्या का गेल्या, हे आपल्याला कळत नाही. आज तेच समजून घ्यायचं आहे. पण त्याआधी माझी एक चूक सांगतो. हा सगळा धडा मी त्या चुकीतून शिकलोय.

२४ हजारांची मशीन

बीबीए झाल्यावर २०१५ साली मी विट्यात दुकान टाकलं. मशीनविक्री, सुटे भाग आणि दुरुस्ती. कॉलेजात मार्केटिंगचं पुस्तक वाचलेलं, डोक्यात नवनवीन तंत्रं. साधारण दीड वर्षाने एक ताई आल्या. रुमालात गुंडाळलेले दहा हजार रुपये होते. म्हणाल्या, "दादा, घरी बसून ब्लाऊज शिवायचेत. जमलं तर साड्यांना फॉल-पिको पण."

मी त्यांच्यासमोर तीन मशीन मांडल्या. ९ हजारांची साधी काळी पायमशीन मोटरसकट, २४ हजारांची हायस्पीड आणि ३८ हजारांची त्याहून वरची. ३८ची मला विकायचीच नव्हती. ती फक्त २४ची स्वस्त वाटावी म्हणून उभी केली होती. पुस्तकातलं तंत्र. त्यावर मी आणखी एक वाक्य टाकलं, "ऑफर आज संध्याकाळपर्यंतच आहे ताई, उद्या दोन हजार वाढतील." हे साफ खोटं होतं. उद्या काहीच वाढणार नव्हतं.

ताईंनी बचत गटातून कर्ज काढलं आणि संध्याकाळी मशीन नेली. रात्री जेवताना मी घरी हे कौतुकाने सांगितलं.

आठ-नऊ महिन्यांनी त्यांच्याच गल्लीत एक मशीन दुरुस्त करायला गेलो होतो. ताईंनी हाक मारली, चहा दिला. भिंतीला लागून माझी मशीन उभी होती. तिच्यावर मेणकापड, मेणकापडावर गव्हाचा डबा आणि पोरांची दप्तरं. मशीन वापरातच नव्हती. वेग इतका की नवख्या हाताला कापड आवरत नव्हतं. लाईट गेली की काम बंद, कारण तिला पायाने चालवायची सोय नसते. आणि पिको? ती मशीन फक्त सरळ टाका घालते. पिकोला झिगझॅग टाका लागतो. ताई पिकोच्या साड्या दुसऱ्या गल्लीत दुसऱ्या बाईकडे देऊन येत होत्या आणि मधले पाच-दहा रुपये ठेवत होत्या.

त्या चिडल्या नाहीत. फक्त एवढंच म्हणाल्या, "मशीन चांगली आहे दादा. पण महिन्याला किती कपडे शिवणार, हे तुम्ही मला विचारलंच नाही."

मी मशीन परत घेतली, पिकोची मशीन दिली आणि उरलेले पैसे तीन हप्त्यांत फेडले. जुनी मशीन विकताना मला सहा हजारांचा फटका बसला. पण खरा फटका वेगळाच. त्याच वर्षी त्यांच्या बचत गटातल्या अकरा बायकांनी मशीन घेतल्या, आणि सगळ्यांनी दुसऱ्या दुकानातून घेतल्या. त्यांचं काहीच चुकलं नाही.

आता धडा सुरू करू. माझं तंत्र काम करत होतं, हे लक्षात ठेवा. ते का काम करत होतं आणि तरी का चुकलं, या दोन्ही गोष्टी आपल्याला शिकायच्या आहेत.

१. गिऱ्हाईक भावाला कमी आणि चुकण्याला जास्त घाबरतं

एक खेळ खेळू. मी नाणं उडवतो. छापा आला तर तुम्हाला हजार रुपये मिळणार, काटा आला तर तुमच्या खिशातले हजार जाणार. खेळणार? बहुतेक जण नाही म्हणतात. हिशोबाने पाहिलं तर डाव बरोबरीचा आहे, तरीही. कारण हजार मिळाल्याचा आनंद आणि हजार गेल्याचं दुःख एका वजनाचं नसतं.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली हे मांडलं. पुढे १९९२ च्या त्यांच्या अभ्यासात नुकसानाचं वजन फायद्याच्या सव्वादोन पट भरलं. कानेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ट्वर्स्की त्याआधीच, १९९६ मध्ये वारले होते.

आता हे काउंटरवर आणा. ताईंच्या मनात "मशीन घेतली तर महिन्याला दीड हजार मिळतील" हे एका पारड्यात असतं. दुसऱ्या पारड्यात काय काय असतं बघा:

- पैसे वाया गेले तर?
- मला चालवायला जमलीच नाही तर?
- बिघडली तर कोण येणार?
- दुसरीकडे स्वस्त मिळाली असती तर?
- घरचे म्हणाले, "सांगत होतो ना, नको घेऊ म्हणून," तर?

यातला भावाचा प्रश्न एकच, बाकीचे चार वेगळेच. तुम्ही दोनशे कमी करता तेव्हा फक्त त्या एका प्रश्नाला हात लावता, उरलेले चार जागेवरच राहतात. उलट भाव पटकन उतरला की नवीन शंका उभी राहते: "इतक्या पटकन कमी केलं, म्हणजे आधी लुबाडतच होता की!"

म्हणून काम असं करा. आपल्या धंद्यातल्या गिऱ्हाईकाच्या पाच भीती कागदावर लिहा आणि प्रत्येकीला एक खरं, पाळता येईल असं उत्तर तयार ठेवा. माझ्याकडे आता पहिले तीन दिवस दुकानातच मशीन चालवायला शिकवतो. सात दिवसांत मशीन जमली नाही तर बदलून देतो आणि ते बिलावर लिहून देतो. दुरुस्तीला किती दिवसांत येणार, हेही बिलावरच असतं. मसाले विकत असाल तर पन्नास ग्रॅमची पुडी ठेवा. केक करत असाल तर पहिल्या ऑर्डरला छोट्या आकाराचा पर्याय द्या. भीती लहान झाली की निर्णय सोपा होतो.

मात्र हीच गोष्ट उलटीही वापरता येते. "आज नाही घेतलं तर पस्तावाल" हे वाक्यही नुकसानाच्या भीतीवरच चालतं. मी तेच केलं होतं. गिऱ्हाईकाची खरी भीती कमी करणं ही सेवा आहे. खोटी भीती तयार करणं ही फसवणूक आहे.

२. पहिला आकडा डोक्यात रुतून बसतो

याच दोघांचा १९७४ सालचा एक प्रयोग आहे. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं. चक्रात आधीच गडबड केलेली, ते १० वर किंवा ६५ वरच थांबायचं. नंतर लोकांना विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के असतील? ज्यांच्यासमोर १० आला त्यांचा मधला अंदाज २५ आणि ज्यांच्यासमोर ६५ आला त्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काय संबंध? काहीच नाही. तरी पहिल्या आकड्याने मनाला ओढलं.

आपल्या बाजारात हे रोज चालतं. आधी भाव फुगवायचा, त्यावर फुली मारायची आणि "पन्नास टक्के सूट" लिहायचं. गिऱ्हाईकाला हे माहीत नसतं असं समजू नका. हातात मोबाईल आहे. तुमच्या दुकानात उभं राहून ते दुसरीकडचा भाव बघतं, आणि फुगवलेला आकडा सापडला की तुमच्या बाकीच्या सगळ्या बोलण्यावरचा विश्वास उडतो.

मग पहिला आकडा प्रामाणिकपणे कसा सांगायचा? पूर्ण पल्ला सांगा आणि त्यात गिऱ्हाईकाची जागा दाखवा. "ताई, माझ्याकडे मशीन सात हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत आहेत. तुम्ही जे काम सांगितलंत, त्याला नऊ ते तेरा हजारांतली पुरते. त्याच्या वर जायची आत्ता गरज नाही." यातही पहिला आकडा काम करतोच. पण तो गिऱ्हाईकाला वाट दाखवतो, चकवा देत नाही.

भाव सांगितल्यावर गप्प बसा. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. नवीन दुकानदार इथेच घसरतो. भाव सांगतो आणि घाबरून लगेच स्वतःच म्हणतो, "करू की कमी-जास्त." गिऱ्हाईक गप्प असतं तेव्हा ते तुम्हाला नाकारत नसतं, हिशोब करत असतं. त्याला तो करू द्या.

३. पर्याय किती आणि कोणते

शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा जॅमचा प्रयोग सेल्सच्या बहुतेक वर्गांत सांगतात. कॅलिफोर्नियातल्या एका किराणा दुकानात कधी २४ प्रकारचे जॅम चाखायला मांडले, कधी फक्त ६. २४ बघायला जास्त लोक थांबले, शंभरातले साठ. ६ च्या वेळी चाळीस थांबले. पण थांबलेल्यांपैकी खरेदी किती जणांनी केली? २४ च्या वेळी ३ टक्के, ६ च्या वेळी ३० टक्के. हा अभ्यास २००० साली छापून आला.

वर्गात सहसा इथेच थांबतात. पुढचंही ऐका. नंतर असे अनेक प्रयोग झाले, आणि २०१० साली ते सगळे एकत्र करून पाहिले तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. म्हणजे पर्याय जास्त असले की विक्री पडतेच, असं नाही. गिऱ्हाईकाला काय हवंय हे आधीच ठाऊक असेल तर जास्त पर्याय त्याला आवडतात. ज्याला माहीत नसतं, त्याचाच गोंधळ उडण्याचा धोका जास्त. पंचवीस वर्षं शिवणकाम केलेले टेलर मामा माझ्याकडे आले तर मी सगळं गोडाऊन उघडतो. पहिल्यांदा मशीन घेणाऱ्या ताईंना तीनच दाखवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साड्या विकत असाल तर चाळीस फोटो एकदम टाकू नका. आधी विचारा, "प्रसंग कोणता आणि बजेट किती?" मग पाचच पाठवा.

आता तिनाचं कोडं. इटामार सायमनसन आणि ट्वर्स्की यांनी १९९२ साली कॅमेऱ्यांवर प्रयोग केला. १७० आणि २४० डॉलरचे दोन कॅमेरे ठेवले, तर लोक निम्मे-निम्मे वाटले गेले. मग ४७० डॉलरचा तिसरा आणून ठेवला. आता मधल्या २४० वाल्याला ५७ टक्के लोकांनी निवडलं. महागडा आणला आणि मधला खपला.

मी ताईंना हेच करून फसवलं होतं. माणूस दोन टोकं टाळतो. स्वस्तातलं घेतलं तर "हलकं निघेल" ही भीती, महागडं घेतलं तर "उधळपट्टी" ही भीती. मधलं सुरक्षित वाटतं. गिऱ्हाईक मधलं निवडतं तेव्हा ते खरं म्हणजे तुमच्या मांडणीवर विश्वास टाकत असतं.

म्हणून माझा नियम असा: मधली वस्तू तीच ठेवायची, जी समोरच्या माणसाने माझी बहीण असती तर मी तिला दिली असती. मांडणीचं तंत्र तेच राहतं, फरक फक्त मधे काय ठेवलंय याचा.

४. ‘किती करणार?’ विचारू नका, ‘आत्तापर्यंत किती केलंत?’ विचारा

विक्रीतलं सगळ्यात कमी शिकवलं जाणारं कौशल्य म्हणजे प्रश्न विचारणं. त्यातही काळाला महत्त्व आहे.

"महिन्याला किती ब्लाऊज शिवाल?" असं विचारलं की उत्तर येतं, "शिवीन की चाळीस-पन्नास." ही थाप नसते, आशा असते. पुढचा विचार करताना माणूस सगळं सुरळीत होईल असं धरून चालतो. पोराची परीक्षा, सासूबाईंचं आजारपण, लगीनसराईचे पाहुणे हे त्यात धरलेलंच नसतं. कानेमन आणि ट्वर्स्की यांनी या सवयीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं.

त्याऐवजी मागचं विचारा: "गेल्या महिन्यात किती शिवलेत? कोणाचे? पैसे किती मिळाले?" उत्तर येईल, "दहा-बारा. शेजारणींचे. दीडशे रुपये एकाचे." आता तुमच्या हातात खरा आकडा आहे. त्यावर हिशोब मांडा, आणि तो गिऱ्हाईकासमोरच मांडा.

त्या ताईंचा हिशोब मी तेव्हा मांडायला हवा होता, तो असा:

- एका साध्या ब्लाऊजचे १५० रुपये. दोरा, हूक, अस्तराची शिलाई, लाईट असा ३० रुपये खर्च धरा. हातात राहतात १२०.
- ९ हजारांची मशीन फिटायला ९,००० ÷ १२० = ७५ ब्लाऊज. महिन्याला १२ धरले तर सहा महिने आणि थोडे दिवस.
- २४ हजारांची मशीन फिटायला २४,००० ÷ १२० = २०० ब्लाऊज. त्याच गतीने जवळजवळ सतरा महिने.
- वरचे १५ हजार कर्जाचे. व्याज महिना दीड टक्का, म्हणजे पहिल्या महिन्यात २२५ रुपये. जवळजवळ दोन ब्लाऊजची कमाई फक्त व्याजात गेली.

पाच मिनिटांचं काम होतं. हा कागद समोर असता तर ताईंनी २४ ची मशीन घेतलीच नसती आणि मीही ती देऊ शकलो नसतो. अशा हिशोबाने कधी कधी विक्री लहान होते, हे खरं. पण ७५ ब्लाऊज पूर्ण झाले की तेच गिऱ्हाईक दुसरी मशीन घ्यायला तुमच्याकडेच येतं. येताना जावेलाही घेऊन येतं.

५. निर्णय घेणारा माणूस दुकानात नसतो

"घरी विचारून सांगते" याला आपण टाळाटाळ समजतो. बऱ्याचदा ती टाळाटाळ नसते. आपल्याकडे मोठी खरेदी घरात बोलून होते, आणि तशीच व्हायला हवी. अडचण अशी की तुम्ही अर्धा तास जे समजावलंत, ते ताईंना घरी दोन मिनिटांत सांगायचं असतं. नवरा टीव्ही बघताबघता विचारतो, "केवढ्याची?" ताई सांगतात, "अकरा हजार." विषय संपला. तुमचं सगळं बोलणं गळून गेलं, आकडा तेवढा उरला.

म्हणून मी आता चिठ्ठी देतो. तीनच ओळी. कोणती मशीन आणि का. किती ब्लाऊजमध्ये फिटते. जमली नाही तर काय. खाली माझा नंबर. आणि म्हणतो, "भाऊंना घेऊन या, त्यांच्यासमोर चालवून दाखवतो." जो माणूस दुकानात नाही, त्याच्यासाठीही उत्तर तयार ठेवायचं असतं.

६. आता ते वाक्य आलं की काय बोलायचं

सगळं एकत्र करू. हा संवाद मोठ्याने वाचा, जमलं तर आरशासमोर.

ताई: "बरं दादा, विचार करून सांगते."

तुम्ही: "नक्की करा ताई, खर्च मोठा आहे. फक्त एक सांगा, म्हणजे मला मदत करता येईल. विचार नेमका कशाचा करायचाय? पैशांचा, मशीन जमेल का याचा, की घरी बोलायचंय?"

ताई: "पैशांचं बसेल कसंतरी. पण मला मोटरची सवय नाही ओ. आईकडे पायमशीन होती."

तुम्ही: "मग आज घेऊच नका. उद्या दुपारी या, इथेच बसून दोन तास शिवून बघा. हात बसला तर पुढचं बोलू."

बघा, काय झालं. "नक्की करा" म्हटल्याबरोबर समोरचा माणूस सैल होतो, कारण कोणी ढकलत नाहीये. मग तुम्ही तीन कारणं पुढ्यात ठेवलीत. ‘का नको?’ असं विचारलं की माणूस सबबी शोधतो, तीन कारणं ठेवली की त्यातलं खरं उचलतो. आणि शेवटी तुम्ही त्याच कारणाला उत्तर दिलंत. भावाचा विषयच निघाला नाही.

कधी कधी खरं कारण ‘मला हे नकोच आहे’ असं असतं. तेव्हा हसून निरोप द्या आणि पाणी विचारा. ‘नाही’ म्हणूनही ज्याचा मान राखला गेला, ते गिऱ्हाईक परत यायला लाजत नाही.

७. रेघ कुठे ओढायची?

तुम्ही म्हणाल, हे सगळं मन वळवणंच आहे, मग फसवणूक कुठे सुरू होते? माझी कसोटी सोपी आहे: जे करतोय, ते गिऱ्हाईकाला तोंडावर सांगता येईल का? "ताई, तुम्हाला गोंधळ नको म्हणून तीनच दाखवतोय" हे सांगता येतं. "ताई, ही महागडी फक्त मधली स्वस्त वाटावी म्हणून ठेवलीय" हे सांगता येत नाही. जे सांगता येत नाही, ते करायचं नाही.

यात कायदाही आहे, बरं का. छापील किमतीपेक्षा, म्हणजे एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि अनुचित व्यापार पद्धती या दोन्हींची दखल आहे. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीतल्या ‘डार्क पॅटर्न्स’बद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात १३ प्रकार दिलेत, आणि ‘खोटी घाई’ हा त्यातला एक. म्हणजे वेबसाईटवर "शेवटचे दोनच नग उरले" असं खोटंच लिहिणं. मी काउंटरवर उभं राहून तेच तोंडाने केलं होतं.

आमच्या विट्याच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरलीत. परक्या गावात, परक्या भाषेत, लोक यांच्या हातात सोनं-चांदी गाळायला देतात. हा धंदा बोलण्याच्या चातुर्यावर एक दिवस चालेल. पिढ्यान्‌पिढ्या चालतो तो विश्वासावर. लहानपणापासून हे डोळ्यांसमोर होतं, तरी मला ते कळायला मेणकापडाखालची मशीन बघावी लागली.

गृहपाठ: ‘नाही’ची वही

पुढचे पंधरा दिवस एक वही काउंटरवर ठेवा. घरून धंदा करत असाल तर मोबाईलशेजारी. जे गिऱ्हाईक न घेता गेलं, त्याच्या नावाने चार रकाने भरा:

१. जाताना नेमकं कोणतं वाक्य बोललं?
२. मला वाटलेलं कारण कोणतं?
३. विचारल्यावर कळलेलं कारण कोणतं? (विचारलं नसेल तर ‘विचारलं नाही’ असं खरंच लिहा.)
४. त्या भीतीला माझ्याकडे उत्तर होतं का?

पंधरा दिवसांनी दुसरा आणि तिसरा रकाना शेजारी ठेवून वाचा. माझ्या वहीत पहिल्यांदा दुसऱ्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे ‘भाव’ लिहिलेलं होतं आणि तिसऱ्यात तो शब्द फार थोड्या ठिकाणी होता. जास्त ठिकाणी होतं ‘विचारलं नाही’.

जो शब्द तिसऱ्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा येईल, तिथून कामाला लागा. भाव कमी करायचा विचार त्यानंतर.

ती वही भरली की पुढचा धडा घेऊ: उधारी मागणाऱ्या ओळखीच्या माणसाला नातं न तोडता ‘नाही’ कसं म्हणायचं. तोपर्यंत काउंटरवर एक प्रश्न जास्त विचारा आणि एक वाक्य कमी बोला.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.